मैदानापर्यंतचा रस्ता : मुस्लिम महिला आणि खेळ



सन १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आपली पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्यपदकाला मुकली. ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण ती शर्यत जिंकली कोणी, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. ती जिंकली उत्तर आफ्रिकेतील मोरोक्को देशाच्या नवाल अल मुतवक्किल हिने, ५४.६१ सेकंदांत. मोरोक्कोच्या त्या पथकात ती एकटीच महिला होती आणि त्या देशाचे ते पहिलेच ऑलिंपिक सुवर्णपदक होते. मुस्लिम बहुसंख्य देशातील महिलेने असे पदक मिळवण्याचीही ती पहिलीच वेळ. त्या दिवशी जन्मलेल्या मुलींची नावे नवाल ठेवावीत, असे तेथील राजे हसन यांनी जाहीर केले होते.

मुस्लिम मुली खेळात मागे का, असा प्रश्न आपण सहज विचारतो आणि त्याचे उत्तर धर्म या एका शब्दात देऊन मोकळे होतो. परंतु थोडा अभ्यास केला तर लक्षात येते की अडचणी निरनिराळ्या आहेत व त्यांवरचे उपायही निरनिराळे आहेत.

घर आणि समाज

अल्जीरियाची हसिबा बुल्मेर्का १९९१ मध्ये १५०० मीटर धावण्यात विश्वविजेती झाली. देशात तिचे जोरदार स्वागत झाले. त्याचबरोबर, ती उघड्या पायांनी धावली म्हणून काही कट्टर मंडळींनी तिचा निषेध केला आणि तिला धमक्या आल्या. तिला सराव परदेशात करावा लागला. तरीही १९९२ मध्ये बार्सिलोना येथे तिने अल्जीरियाला पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिला विरोध करणारे मुसलमान होते, तसे तिच्यासाठी रस्त्यावर येऊन जल्लोष करणारेही मुसलमानच होते.

नियमांची भिंत

दुसरी अडचण खेळांच्या संघटनांनीच उभी केली होती. जून २०११ मध्ये इराणचा महिला फुटबॉल संघ ऑलिंपिक पात्रता सामन्यासाठी जॉर्डनमध्ये पोहोचला. परंतु डोके व मान झाकणारा पोशाख नियमात बसत नाही, या कारणाने त्यांना खेळू दिले नाही. हा नियम २०१४ मध्ये बदलला. त्याच वर्षी आशियाई खेळांत कतारच्या महिला बास्केटबॉल संघाने डोक्यावरचे वस्त्र काढण्यास नकार देऊन माघार घेतली. बास्केटबॉलचा नियम २०१७ मध्ये बदलला. याचा परिणाम काय झाला? २०२३ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली. या स्पर्धेत असे प्रथमच घडले. तिच्या संघाने त्या सामन्यात दक्षिण कोरियाला १-० ने हरवले.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इराणमध्ये महिला खेळाडूंना डोके झाकण्याची सक्ती आहे. फ्रान्सने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या खेळाडूंना हिजाब घालण्यास मनाई केली. एका ठिकाणी घालाच, दुसऱ्या ठिकाणी घालूच नका. दोन्हीकडे निर्णय खेळणाऱ्या मुलीचा नसतो, आणि हेच खरे दुखणे आहे.

संधी आणि सोय

सौदी अरेबिया, कतार व ब्रुनेई या देशांनी महिला खेळाडू ऑलिंपिकला प्रथम पाठवल्या त्या २०१२ मध्ये, लंडनला. सौदीच्या दोन मुली तेथे गेल्या. मात्र त्या देशाच्या सरकारी शाळांत मुलींसाठी शारीरिक शिक्षणाचा तास सुरू करण्याची घोषणा २०१७ मध्ये झाली. म्हणजे पथकात नाव आले आधी आणि शाळेत तास आला पाच वर्षांनी! प्रतिनिधित्व आणि सहभाग यांतील फरक यावरून स्पष्ट होतो. दोन मुली झेंड्यामागे चालल्या तर फोटो निघतो, पण लाखो मुली रोज पळू लागल्या तरच खेळ रुजतो.

आणि मिळालेले परत हिरावलेही जाऊ शकते. अफगाणिस्तानच्या मुली २००४ मध्ये प्रथम ऑलिंपिकमध्ये उतरल्या होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आल्यावर तेथील मुलींचे खेळ बंद झाले. पॅरिसला त्या देशाच्या पथकात तीन महिला होत्या, पण तालिबानने त्यांना आपले मानले नाही.

आपल्या देशात

आपल्याकडे पहिले नाव येते हैदराबादच्या सानिया मिर्झाचे. दुहेरी व मिश्र दुहेरी मिळून तिने सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली आणि २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. पण २००५ मध्ये वर्तमानपत्रांत तिच्या फोरहँडपेक्षा तिच्या स्कर्टचीच चर्चा अधिक झाली. निजामाबादची निखत जरीन मुष्टियुद्धात २०२२ व २०२३ अशी सलग दोन वर्षे विश्वविजेती ठरली. मुलीने हा कसला खेळ निवडला, असे लोक म्हणत राहिले, पण स्वतः खेळाडू असलेले वडील तिच्या पाठीशी उभे राहिले. क्रिकेटपटू नूशीन अल खदीर हिचे नाव मात्र फारसे ऐकू येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये १९ वर्षांखालील मुलींचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा ती त्या संघाची प्रशिक्षक होती. प्रतिनिधित्व पदकापुरते नसते. शिकवणाऱ्यांत आणि निर्णय घेणाऱ्यांतही ते असावे लागते. नवाल अल मुतवक्किल पुढे मोरोक्कोची क्रीडामंत्री झाली आणि २०१२ ते २०१६ या काळात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची उपाध्यक्षा होती.

आपण काय करावे?

आपल्या ग्वाल्हेरात १९५७ पासून लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. २००६ पासून राज्याची महिला हॉकी अकादमीही येथेच आहे. अशा गावातील शाळेत सातवी-आठवीनंतर मुली मैदानावरून एकेक करून दिसेनाशा व्हाव्यात, हे बरे नाही. यात केवळ मुसलमान मुली नाहीत, आपल्या मराठी घरांतल्या मुलीही तितक्याच आहेत. कारणे विचारली तर साधीच निघतात. कपडे बदलायला आडोसा नाही, शिकवायला बाई नाहीत, घरी जायला उशीर होतो, किंवा गणवेशाची चड्डी घरी चालत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळींना माझी नम्र विनंती आहे की मैदानाजवळ मुलींसाठी कपडे बदलण्याची एक खोली बांधावी व एका क्रीडा शिक्षिकेची नेमणूक करावी. जिला पूर्ण पायजमा घालून किंवा डोक्याला रुमाल बांधून खेळायचे असेल तिने तसे खेळावे, जिला तसे नको तिने तसे करू नये. तिच्या कपड्यांवर कोणी टीका करू नये. पालकांना एवढेच सांगणे आहे की मुलगी मोठी झाली म्हणून तिचा खेळ बंद करू नका. शंका असेल तर शाळेत या, सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला बसा आणि तिला खेळताना बघा.

– प्राचार्य