पवनाकाठी ताऱ्यांचं तापमान

परवा मावळात, पवना धरणाच्या काठी तंबूत मुक्कामाला आलेल्या एका मुलीने मृग नक्षत्राकडे बोट दाखवून विचारलं, "काका, तो तारा तांबूस आणि हा निळसर का?"

कारण तापमान! तांबूस काक्षी सुमारे 3,500 केल्व्हिन, निळसर राजन्य सुमारे 12,000. आपला सूर्य 5,800 च्या आसपास.

पण रंग ही नुसती सुरुवात. ताऱ्याचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, की सप्तरंगी पट्टा उलगडतो आणि त्यात वेगवेगळ्या मूलद्रव्यांच्या बारीक काळ्या रेघा दिसतात. त्यांवरून हार्वर्डच्या अ‍ॅनी जंप कॅनन यांनी लाखो ताऱ्यांची वर्गवारी केली: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. ओ सर्वांत तप्त, एम सर्वांत थंड. राजन्य बी, व्याध ए, सूर्य जी, काक्षी एम.

व्याधाच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेघा ठसठशीत असतात. सूर्यातही हायड्रोजन भरपूर, तरी रेघा फिक्या! त्या उठून दिसायला सुमारे 10,000 केल्व्हिन लागतात. त्याहून फार तापलं तर अणूतून इलेक्ट्रॉनच निसटतात आणि रेघा पुन्हा फिक्या होतात. यामागचं आयनीभवनाचं गणित 1920 साली आपल्या भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांनी मांडलं. मला याचा फार अभिमान वाटतो.

पुण्यात तर त्याही आधी, 1888 पासून, कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक कावसजी नायगमवालांची वर्णपटांच्या अभ्यासासाठीची वेधशाळा होती. 1912 मध्ये ती बंद झाली आणि तिची 20 इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. ही वेधशाळा पुण्यात आजही फारशी कुणाला माहीत नाही, हे खटकतं.

हे तारे पाहायला थंडीत लोणावळा-पवनेकडे आलात, तर अमावास्येच्या आसपास या आणि तंबूबाहेरचे दिवे थोडा वेळ बंद ठेवा.