संघत्याग : एक शब्द, अनेक अर्थ

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमधील मतदारांपुढे युरोपीय संघात राहावे की संघ सोडावा, एवढाच प्रश्न ठेवण्यात आला. ५१.९ टक्के मते संघ सोडण्याच्या बाजूने पडली. तथापि ‘सोडणे’ म्हणजे नेमके काय, याचा खुलासा मतपत्रिकेवर नव्हता. एकत्र कुटुंबातून विभक्त होणारा भाऊ चूल वेगळी मांडतो. परंतु आड, वाट आणि सामाईक भिंत यांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच. ब्रिटनचे तसेच झाले.

संघाला सर्वांत निकटचा पर्याय नॉर्वेचा होय. १९९४ पासून नॉर्वे युरोपीय आर्थिक क्षेत्राचा घटक या नात्याने संघाच्या एकसंध बाजारपेठेत आहे. शेती व मासेमारी यांचे धोरण मात्र त्याने स्वतःकडे ठेवले आहे. त्यास बाजारपेठेचे नियम पाळावे लागतात, लोकांचा मुक्त संचार मान्य करावा लागतो, आर्थिक वाटाही उचलावा लागतो. पण नियम ठरविताना मताचा अधिकार नाही. स्वित्झर्लंडने १९९२ च्या सार्वमतात हे क्षेत्र नाकारले आणि शंभराहून अधिक स्वतंत्र करारांनी संघाशी संबंध जोडले. तुर्कस्तानने मुख्यतः औद्योगिक मालापुरता जकातसंघ पत्करला. त्या मालावरील बाह्य जकात संघ ठरवितो, तुर्कस्तान ती लावतो. कॅनडासारखा व्यापारी करार केल्यास हात मोकळे राहतात, पण सीमेवर कागदपत्रे व तपासणी येते. करारच न केल्यास जागतिक व्यापार संघटनेचे सर्वसाधारण नियम आणि जकात एवढेच उरते.

या सर्व पर्यायांत एकच सूत्र दिसते. बाजारपेठ जितकी जवळ, तितके दुसऱ्याने केलेले नियम अधिक. नियम जितके स्वतःचे, तितकी सीमा कठीण.

ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी संघ सोडला आणि त्या वर्षाच्या अखेरीस एकसंध बाजारपेठ व जकातसंघही सोडले. मग तपासणी कोठे करावयाची? आयर्लंडमधील भूसीमेवर ती करणे धोक्याचे होते. उत्तर आयर्लंडमधील संघर्षात सुमारे साडेतीन हजार माणसे मेली होती, आणि १९९८ च्या करारानंतर लाभलेल्या शांततेत त्या सीमेचे खुलेपण मोलाचे ठरले होते. अखेर तपासणीची रेषा समुद्रात, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये, ओढावी लागली. २०२३ च्या विंडसर समझोत्याने तिचा जाच कमी केला. रेषा मात्र राहिली. विशेष हे की, उत्तर आयर्लंडमधील ५५.८ टक्के मते संघात राहण्याच्या बाजूची होती.

म्हणून संघत्यागाचा विचार करणाऱ्या देशाने कौल मागण्यापूर्वीच कोणत्या पर्यायासाठी तो मागितला जात आहे, हे सांगितले पाहिजे. आणि सीमेवर राहणाऱ्यांना प्रथम विचारले पाहिजे. सार्वभौमत्व हा शब्द राजधानीत उच्चारला जातो. त्याचा अर्थ मात्र सीमेवरच्या माणसाला रोज जगावा लागतो.