लाल वही मिटली, तरी हिशेब उघडा राहावा

दिवाळीच्या वहीपूजनाला आजही पाटावर लाल कापडाची वही येते. तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखले जाते, ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिले जाते. मात्र अनेक पेढ्यांवर त्या वहीशेजारी आता संगणकही असतो आणि त्यालाही गंधाचे बोट लागते. यात विसंगती काहीच नाही. पूजा कागदाची नसून चोख हिशेबाची असते, आणि तो हिशेब आता पडद्यावर नांदतो.

व्यापारी घरांच्या आवडत्या अ‍ॅपांमध्ये पहिला मान टॅलीचा. तिचा जन्मही एका व्यापाऱ्याच्या अडचणीतूनच झाला. बंगळूरचे श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. आपल्या धंद्याला साजेसा हिशेबाचा प्रोग्राम मिळेना, तेव्हा त्यांनी आपला मुलगा भरत यालाच तो लिहावयास सांगितले. १९८६ साली पितापुत्रांनी कंपनी स्थापन केली. खात्यांना सांकेतिक क्रमांक न देता थेट नावाने नोंद करण्याची टॅलीची रीत कीर्द-खतावणीत मुरलेल्या मुनिमांना परकी वाटली नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि ज्या दुकानांत तोवर संगणक नव्हता, त्यांनाही त्याची वाट धरावी लागली. २०२० मध्ये भरत गोएंका यांना पद्मश्री जाहीर झाली.

गल्ल्याचे रूप पालटले ते यूपीआयने. २०१६ साली ही व्यवस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला भीम हे अ‍ॅप आले. सुट्ट्या पैशांची कटकट सरली. मात्र एक नियम गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा: पिन लागतो तो पैसे देताना, पैसे घेताना कधीही लागत नाही. ‘रक्कम जमा करायची आहे, पिन टाका’ असे सांगणारा निःसंशय ठग समजावा. फसगत झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर नमुन्यांची छायाचित्रे, भाव आणि मागण्या येतात. त्यात सहा अंकी पिनची दुहेरी पडताळणी सुरू केली, तर क्रमांक बळकावणे ठगांना अवघड जाते. डिजिलॉकरमध्ये वाहन परवान्यासारखी कागदपत्रे हाताशी राहतात. ज्येष्ठांना सर्वांत प्रिय असते ते मात्र पंचांगाचे अ‍ॅप. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पारायची, चौविहार सूर्यास्ताआधी करायचा, आणि मुंबई व नागपूर यांच्या सूर्यास्तात वीस ते तीस मिनिटांचे अंतर पडते. मालखरेदीसाठी गावोगाव फिरणाऱ्याला छापील कोष्टकापेक्षा त्या-त्या गावची वेळ दाखवणारे अ‍ॅप सोयीचे ठरते.

या साऱ्या सुखसोयींत एक गोष्ट मात्र नकळत निसटली. जुनी वही तिजोरीत असे; तिजोरीची किल्ली कोठे आहे हे घरात ठाऊक असे. थोरल्यांचे अकस्मात काही झाले, तर धाकटा भाऊ किंवा मुलगा वही उघडी आणि कोणाचे देणे, कोणाकडे उधारी, हे तासाभरात समजे. आज तोच हिशेब एका माणसाच्या अंगठ्याच्या ठशामागे बंद असतो. घरात दुःखाचा प्रसंग उभा असताना वारसांना फोन उघडता येत नाही, मागण्या अडतात, तोंडी उधारी बुडते. टॅलीच्या माहितीला कुलूप घालणाऱ्या ‘टॅलीव्हॉल्ट’चा संकेतशब्द हरवला, तर तो परत मिळवण्याची सोयच नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते खर्चिकही नाहीत. टॅलीच्या माहितीची प्रत दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क दुकानात न ठेवता घरी ठेवावी. ती प्रत खरोखर उघडते का, हे वर्षातून दोनदा पाहावे. संकेतशब्द एका कागदावर लिहून मोहोरबंद पाकिटात तिजोरीत ठेवावेत. बँकेचा पिन मात्र कोणालाच देऊ नये. त्याऐवजी पेढीच्या चालू खात्यावर सहीचा अधिकार असलेली दुसरी विश्वासू व्यक्ती नेमावी. खाते दीर्घकाळ वापरले गेले नाही, तर त्यातील माहिती कोणाला मिळावी, हे गूगलवर आधीच ठरवून ठेवता येते. आयफोनमध्येही वारस नेमण्याची सोय आहे. घरातील स्त्रियांना आणि हाताखाली आलेल्या मुलांना महिन्यातून एकदा तरी टॅलीतील येणे-देणे उघडून दाखवावे.

नको असलेली अ‍ॅपे मात्र काढून टाकावीत. मोजकी, गरजेची आणि घरातील दोघांना तरी उघडता येतील एवढीच साधने पेढीला पुरतात. येत्या वहीपूजनाला लाल वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक रेखून झाले, की दुसऱ्या पानावर हिशेब कोठे आहे आणि तो कोण उघडू शकतो, एवढे लिहून ठेवावे. वही कोरी राहणार नाही, आणि घरही अंधारात राहणार नाही.