पाच प्रश्न, पाच ‘का’

आमच्या बचत गटांच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की शेवटची पंधरा-वीस मिनिटं आम्ही सामान्य ज्ञानाला देतो. पाच प्रश्न असतात. एक भूगोलाचा, एक स्वयंपाकघरातला, एक सिनेमाचा, एक रानातला आणि एक आपल्या शरीराचा. नुसतं उत्तर सांगितलं तर अर्धा गुण, त्यामागचं ‘का’ सांगितलं तर पूर्ण गुण. कुणाला वाटेल, या वयात आम्हाला कुठली परीक्षा द्यायची आहे? पण काही चुकीची उत्तरं पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत फिरत असतात, आणि त्यांची किंमत बहुतेक वेळा बाईच मोजते. म्हणून हे पाच प्रश्न आज तुमच्यासमोर ठेवतो.

पहिला प्रश्न भूगोलाचा. कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत साधारण ६५ किलोमीटर. मग कृष्णा कोणत्या समुद्राला मिळते?

उत्तर आहे, बंगालच्या उपसागराला! जवळचा समुद्र सोडून ती सुमारे १,४०० किलोमीटर चालते आणि थेट आंध्र प्रदेशातून समुद्राला मिळते. का? तर सह्याद्रीचा पश्चिमेकडचा कडा तुटलेला, आणि पूर्वेकडे मात्र जमीन हळूहळू उतरत गेलेली. ज्या उतारावर पाणी पडेल तिकडे ते जाणार. महाबळेश्वरलाच उगम पावणारी सावित्री पश्चिमेच्या उतारावरून निघते, ती अरबी समुद्राला मिळते.

हाच सह्याद्री आपला पाऊसही ठरवतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की वाफ वर जाऊन थंड होते आणि झाकणाला थेंब धरतात. तसेच समुद्रावरून आलेले ओले वारे डोंगर चढताना थंड होतात आणि तिथेच बरसतात. डोंगर उतरून पूर्वेकडे येईपर्यंत त्यांच्यात पाणी उरत नाही. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. आपल्याकडचा दुष्काळ कुणाच्या पापामुळे किंवा कुणाच्या पायगुणाने पडत नाही, हे एवढ्यावरून कळावं.

दुसरा प्रश्न स्वयंपाकघरातला. उपवासाच्या साबुदाणा खिचडीतला कोणता जिन्नस सहाशे वर्षांपूर्वी आपल्या देशात होता?

साबुदाणा? नाही. तो ज्या कंदापासून करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच, बटाटाही तिथलाच. हिरवी मिरचीसुद्धा अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली अमेरिकेला पोहोचला, वास्को द गामा १४९८ साली आपल्या किनाऱ्याला लागला. त्यानंतर पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ही पिकं हळूहळू इकडे आली. त्याआधी आपल्याकडे तिखटासाठी मिरी आणि पिंपळी वापरत. खिचडीतलं जुनं काय, तर तूप, जिरं आणि मीठ. एवढंच!

आपली भाकरीही लांबून आलेली आहे. ज्वारी आणि बाजरी ही दोन्ही धान्यं मूळची आफ्रिकेतली. पण ती हजारो वर्षांपूर्वी आली, म्हणून परकी वाटत नाहीत. यातून समजायचं काय? ‘हे आपल्यात पहिल्यापासून असंच आहे’ असं कुणी म्हणालं, तर ‘पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?’ असं विचारायला हरकत नाही. आणि कामाची एक गोष्ट सांगतो. साबुदाण्यात जवळजवळ सगळं पिष्टच असतं. खिचडीत ताकद असते ती शेंगदाण्याची, म्हणून कूट घालताना हात आखडू नका.

तिसरा प्रश्न सिनेमाचा. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटात तारामतीचं काम कोणत्या अभिनेत्रीने केलं?

कोणत्याच नाही. ते काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात हा चित्रपट लागला. सिनेमात काम करणं बाईसाठी इतकं कमीपणाचं मानलं जायचं, की दादासाहेब फाळके यांना कुणी बाई मिळेना. साळुंके एका खाणावळीत आचारी होते, त्यांना लुगडं नेसवलं. पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि कमलाबाई मोहिनी. याच कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले म्हणून ओळखल्या गेल्या. अभिनेते विक्रम गोखले यांच्या त्या आजी.

पण आमच्या बैठकीत जास्त टाळ्या पडतात त्या सरस्वतीबाई फाळके यांच्या नावाला. दादासाहेबांच्या या पत्नीने भांडवलासाठी दागिने दिले, सगळ्या कलाकारांचा स्वयंपाक केला, कपडे धुतले. शिवाय त्या फिल्मला छिद्रं पाडायला शिकल्या, ती धुण्याची रसायनं तयार करायला शिकल्या. आज ज्याला आपण तांत्रिक काम म्हणतो ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी केलं. तरी प्रश्नपत्रिकेत प्रश्न येतो तो एकच, भारतीय चित्रपटाचे जनक कोण? घरच्या दुकानात, गोठ्यात, शेतात राबणाऱ्या आपल्या किती जणींचं नाव सातबाऱ्यावर किंवा पाटीवर आहे, तेही एकदा मोजून बघा.

चौथा प्रश्न रानातला. साप दूध पितो का?

नाही. साप सरपटणारा प्राणी आहे, दूध हे त्याचं अन्नच नव्हे. तो उंदीर, बेडूक, पाली, सरडे खातो. उपाशी, तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल त्यात तोंड घालतो, त्याला आपण दूध प्यायला म्हणतो. नागपंचमीला हात जोडा, पण दूध घरातल्या लेकरांना द्या.

आपल्या भागात माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य साप चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. मण्यार रात्री फिरतो आणि त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून जमिनीवर झोपणाऱ्याला कळतच नाही. गोवऱ्या, सरपण, कडबा काढायचं काम आपलं. तेव्हा आधी काठीने हलवा, मगच हात घाला. अंधारात बॅटरीशिवाय बाहेर पडू नका.

साप चावलाच तर चिरा देऊ नका, तोंडाने विष ओढू नका, दोरीने करकचून बांधू नका. सूज येते, म्हणून बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच काढा. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. तिथे सर्पदंशावरचं औषध मोफत मिळतं. या चारही सापांच्या विषावर एकच औषध चालतं, म्हणून साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. मांत्रिकाकडे गेलेला प्रत्येक तास जिवावर बेततो. मंत्राने ‘उतरलं’ असं वाटतं, कारण बहुतेक साप बिनविषारीच असतात.

आता शेवटचा प्रश्न शरीराचा, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचा. मुलगा होणार की मुलगी, हे कुणाच्या बीजावर ठरतं?

उत्तर आहे, पुरुषाच्या. आता ‘का’ ते बघा. आपल्या शरीराच्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यातली एक जोडी लिंग ठरवते. समजा, त्या जोडीत दोन मणी आहेत. बाईच्या जोडीत दोन्ही मणी लाल. पुरुषाच्या जोडीत एक लाल, एक काळा. बाळाला दोघांकडून एकेक मणी मिळतो. आई कोणताही मणी देवो, तो लालच असणार, तिच्याकडे दुसरा नाहीच! वडिलांकडून लाल आला तर मुलगी, काळा आला तर मुलगा. लाल मण्याला शास्त्रात एक्स म्हणतात, काळ्याला वाय.

म्हणून ‘हिला मुलीच होतात’ हे वाक्य शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. पण म्हणून नवऱ्याला बोल लावायचा का? तेही नाही. कोणता मणी जाईल हे त्याच्या हातात नसतं. नाणं उडवल्यासारखं ते दर वेळी नव्याने ठरतं. ना नवसाने बदलतं, ना कुणाच्या पुडीने. या एका अज्ञानापायी किती सुनांनी टोमणे खाल्ले, किती जणींना माहेरी धाडलं, किती घरांत दुसरं लग्न झालं! गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य आपला महाराष्ट्र, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ साली झाला. तरीही घरात तोंडी चाललेला खटला अजून संपलेला नाही. तो संपवायला लाल-काळे दोन मणी पुरेत. सासूबाईंना, नणंदेला आणि वयात आलेल्या मुलाला समोर बसवून एकदा दाखवा.

मैत्रिणींनो, हे पाच प्रश्न तुमच्या गटात विचारा. उत्तर चुकलं तर हसू नका, ‘का’ विचारा. आणि घरी विचारायला एक प्रश्न देतो. आपल्याला चावतो तो डास नर असतो की मादी? उत्तर, मादी. आता ‘का’ ते मुलांकडून शोधून घ्या. पुढच्या वेळी त्यावर बोलू.