कॅडिसमाशीच्या अळ्यांची ओळख : आवरण आणि शरीररचना

ओढ्यातील दगड उलटून पाहिल्यास त्यावर वाळूच्या कणांच्या अथवा पानांच्या तुकड्यांच्या लहान नळ्या चिकटलेल्या आढळतात. ट्रायकॉप्टेरा गणातील कॅडिसमाशीच्या अळ्या मुखाजवळून स्रवणाऱ्या रेशमाने हे कण जोडून आपले आवरण तयार करतात. आवरण हा ओळखीचा पहिला आधार असला, तरी केवळ त्यावर विसंबता येत नाही. अमेरिकेत आयझॅक ली यांनी १८३४ मध्ये वाळूच्या सर्पिल आवरणाचे वर्णन गोगलगायीची नवी जाती म्हणून केले होते. प्रत्यक्षात ते हेलिकोसायकी या कॅडिसमाशीचे होते.

म्हणून अळी आवरणाबाहेर काढून भिंगाखाली पाहणे आवश्यक ठरते. उदराच्या टोकाशी असणारे दोन आखूड पाद व प्रत्येकावरील एक आकडा ही या गणाची खूण होय. हेलिकोसायकीच्या आकड्यावर कंगव्यासारखे दाते असतात. यानंतर वक्षाच्या तीन खंडांवरील कठीण पट्टिका तपासाव्यात. हायड्रोसायकिडी कुलात तिन्ही खंडांवर पट्टिका व उदरावर शाखायुक्त कल्ले असतात. या अळ्या सोबत नेता येणारे आवरण न करता प्रवाहात जाळे विणतात. हायड्रॉप्टिलिडी कुलातही तिन्ही पट्टिका असतात. मात्र या अळ्या अतिशय लहान असून शेवटच्या अवस्थेतच आवरण करतात. लेप्टोसेरिडी कुल लांब स्पर्शिकांवरून ओळखता येते.

ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या बीएमडब्ल्यूपी गुणांकन पद्धतीत लेप्टोसेरिडी कुलास १०, तर हायड्रोसायकिडी कुलास ५ गुण दिले गेले. कुल ओळखण्यात चूक झाल्यास पाण्याच्या गुणवत्तेविषयीचा निष्कर्षही चुकतो.