मेल मर्जचं टेम्पलेट अवघड नोंदींवर तपासा

वर्डमधलं मेल मर्जचं टेम्पलेट पहिल्या नोंदीवर नीट दिसलं, म्हणून ते सगळ्यांना वापरायला देणं चूक आहे. खरी परीक्षा लांबलचक पत्त्याच्या किंवा रिकाम्या रकान्याच्या नोंदीवर होते. तारखेचंच घ्या. एक्सेलमधली ५ एप्रिल वर्डमध्ये अमेरिकी पद्धतीने ४/५ अशी उतरू शकते आणि वाचणाऱ्याला ती ४ मे वाटते. ऑल्ट+एफ९ दाबून फील्ड कोड उघडा आणि तारखेचा साचा स्वतः लिहा. महिन्यासाठी कॅपिटल एमच हवा, छोटा एम म्हणजे मिनिटं! अवघड नोंदींवर तपासायला एवढा वेळ कुणाकडे आहे, असं कुणी म्हणेल. पण पाच-सहा अवघड नोंदींची फाइल एकदाच बनवावी लागते, आणि गेलेली पत्रं परत घेता येत नाहीत. टेम्पलेटमध्ये एक स्वल्पविराम बदललात, तरी ती फाइल पुन्हा चालवून बघा.