परदेशात भाड्याची मोटार : स्वयंचलित गिअरची निवड आणि व्यापाऱ्याची नजर

पेढीवर आयुष्य घालविलेल्या माणसास भाड्याचा व्यवहार नवा नाही. गोदाम भाड्याने, मालमोटार भाड्याने, हंगामात ताडपत्रीही भाड्याने. वस्तू दुसऱ्याची, उपयोग मुदतीपुरता आपला, आणि जशी घेतली तशी ती परत करावयाची, हे सूत्र आपल्या अंगवळणी पडलेले आहे. तथापि हाच व्यवहार परक्या देशात, परक्या भाषेत आणि परक्या रस्त्यासाठी करावयाचा झाला म्हणजे मोठमोठे व्यापारीही कागद न वाचता सही करून मोकळे होतात. सहलीच्या मंडळींबरोबर बसमधून हिंडण्याऐवजी स्वतः मोटार चालवीत परदेश पाहण्याची हौस अलीकडे आपल्या सभासद-कुटुंबांतही वाढू लागली आहे. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रस्तुत लेखकाने 2024 च्या मे महिन्यात स्कॉटलंडमध्ये नऊ दिवसांत सुमारे अकराशे किलोमीटर मोटारप्रवास केला. बरोबर सौभाग्यवती, धाकटे बंधू व त्यांच्या पत्नी, म्हणजे एकंदर चार माणसे, सर्वांनी पन्नाशी ओलांडलेली. एडिंबरोहून स्टर्लिंग, ग्लेन्को, फोर्ट विल्यम, तेथून स्काय बेट, मग इन्व्हर्नेस व परत एडिंबरो असा आमचा मार्ग होता.

स्वयंचलितच का?

मोटारीच्या स्वयंचलित गिअरकडे आपल्याकडे पुष्कळ काळ श्रीमंतांचा चोचला म्हणून पाहिले गेले. वास्तविक ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने 1940 सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक नावाची पूर्ण स्वयंचलित यंत्रणा बसविली. अमेरिकेत पुढे हाच प्रघात पडला, आणि आज तेथे भाड्याची गाडी मागितली तर ती स्वयंचलितच मिळणार हे जवळजवळ गृहीत असते. ब्रिटन व युरोप यांनी मात्र हाताचा गिअर दीर्घकाळ सोडला नाही. त्यामुळे तेथील भाड्याच्या ताफ्यात अजूनही हाताच्या गिअरच्या गाड्या पुष्कळ असतात. आणि स्वयंचलित गाडीचे भाडे बहुधा जास्त पडते. आपल्या देशात 2014 साली सेलेरिओ या लहान मोटारीबरोबर स्वस्त स्वयंचलित गिअर मध्यमवर्गाच्या आटोक्यात आला, आणि तेव्हापासून ही सोय अनेक घरांत परिचयाची झाली आहे.

मग परदेशात जास्त भाडे देऊन ती का घ्यावी? आमच्यापुरते पहिले कारण अगदी घरगुती आहे. चाळीस वर्षे गादीवर मांडी घालून बसलेल्या व्यापाऱ्याचे गुडघे कसे असतात हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगणे नको. माझ्या डाव्या गुडघ्यास क्लच दाबण्याचे काम तासाभरापेक्षा अधिक सोसत नाही. स्वयंचलित गाडीत डाव्या पायास कामच नाही. त्यास स्वस्थ ठेवावे व गती आणि ब्रेक दोन्ही उजव्या पायानेच सांभाळावे.

परंतु दुसरे कारण गुडघ्यापेक्षा मोठे आहे, आणि ते तरुणांनाही लागू पडते. परक्या रस्त्यावर वाहनचालकाजवळ भांडवल असते ते एकच, ते म्हणजे अवधान. पाटी मैलांत लिहिलेली, गतिदर्शक काटा मैलांत फिरणारा, चौकाचौकांत वर्तुळाकार वळण, शेजारी बसलेली व्यक्ती नकाशा वाचून दाखविणारी. एवढ्या सगळ्यांकडे लक्ष पुरवावयाचे असते. त्यात क्लच आणि गिअर यांची भर पडली की भांडवल तुटीत येते. स्वयंचलित गाडी तेवढे अवधान शिल्लक टाकते. जास्तीचे भाडे हे या शिल्लकेचे मोल आहे, ऐटीचे नव्हे.

ब्रिटन व आयर्लंड येथे आपल्याप्रमाणेच डावीकडून वाहने चालतात, म्हणून पहिल्या प्रवासास ते देश सोयीचे. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली येथे सर्व उलट. स्टिअरिंग डाव्या बाजूस असते व गिअर उजव्या हाताने टाकावा लागतो. तेथे तर आपल्या माणसाने स्वयंचलित गाडीवाचून निघूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरक्षण आणि चार अक्षरे

आरक्षणाच्या पावतीवर एका गाडीचे नाव आणि पुढे “किंवा तत्सम” असे शब्द असतात. “शरबती गहू किंवा तत्सम” असे बिल कोणी आपल्या पेढीवर आणले तर आपण माल उतरवून घेऊ काय? येथे मात्र ते शब्द स्वीकारावेच लागतात. पण त्या पावतीवर चार रोमन अक्षरांची एक खूणही बहुधा असते. आंतरराष्ट्रीय मोटारभाडे-व्यवसायाने ठरविलेली ती प्रतवारीच होय. पहिले अक्षर गाडीचा आकार सांगते, दुसरे दारांची संख्या वा बांधणी, तिसरे गिअर आणि चौथे इंधन व वातानुकूलन. तिसऱ्या जागी “एम” असेल तर हाताचा गिअर, “ए” असेल तर स्वयंचलित. उदाहरणार्थ “सी-डी-ए-आर” म्हणजे आटोपशीर आकाराची, चार-पाच दारांची, स्वयंचलित, वातानुकूलित गाडी. गाडीचे नाव बदलले तरी चालेल; तिसरे अक्षर बदलता कामा नये.

या एका अक्षराने आमची सहल वाचविली. एडिंबरोच्या काउंटरवरील गृहस्थाने अत्यंत विनयाने सांगितले की, स्वयंचलित गाडी नुकतीच दुसऱ्यास गेली. हाताच्या गिअरची मोठी गाडी त्याच भाड्यात देतो. आम्ही ती नाकारली. मग त्याने विजेवर चालणारी गाडी पुढे केली. विजेच्या मोटारी गिअर बदलण्याच्या कटकटीतून मुक्तच असतात, त्यामुळे त्या दृष्टीने हरकत नव्हती. परंतु डोंगराळ प्रदेशात विद्युत्भरणाची ठिकाणे कोठे, तेथे किती वेळ लागेल, पैसे कोणत्या पद्धतीने द्यावयाचे, याची आखणी आधी केलेली नसताना ती घेणे शहाणपणाचे नव्हते. वहिनींचा चेहरा उतरला, बंधू म्हणाले, “दादा, घेऊ या हाताच्या गिअरची, मी चालवीन सगळे दिवस.” त्यांच्या शब्दामागील प्रेम मला कळत होते. पण नऊ दिवस एकट्या चालकावर चार जिवांचा भार टाकणे मला पटेना. पावतीवरील तिसऱ्या अक्षरावर बोट ठेवून आम्ही शांतपणे बसून राहिलो. दीड तासाने दुसऱ्या शाखेतून ठरल्याप्रमाणे गाडी आली. आवाज चढवावा लागला नाही. कागद पुरेसा होता.

कागदपत्रे व पैसा

भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये पाहुण्यास प्रवेशाच्या दिवसापासून बारा महिनेपर्यंत मोटार चालविता येते. तरीही आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून जवळ ठेवावा. तो एक वर्षाच्या मुदतीचा असतो व अनेक देशांत तो मागितला जातो. काही कंपन्यांनी चालकाच्या वयास वरची मर्यादा घातलेली असते, ती आपल्यासारख्या साठी उलटलेल्यांनी आधी वाचावी.

अनामत रक्कम मुख्य चालकाच्या स्वतःच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. मुलाचे वा पेढीतील भागीदाराचे कार्ड बहुधा चालत नाही. ते कार्ड परदेशी वापरासाठी बँकेकडून खुले करून घेतलेले असावे. यंत्र “रुपयांत की पौंडांत” असे विचारील तेव्हा पौंड निवडावेत. रुपयांचा दर दुकानाच्या यंत्राकडून लावून घेणे म्हणजे मापही समोरच्याच्या हाती देण्यासारखे आहे.

विमा भाड्यात समाविष्ट असतो, पण अपघात झाल्यास पहिली ठराविक रक्कम आपणच सोसावयाची असते. काच, टायर, छत व गाडीचा तळ हे भाग पुष्कळदा विम्याच्या बाहेर असतात. ही उणीव भरून काढणारा स्वतंत्र विमा आधीच घेतल्यास तो काउंटरवरील विम्यापेक्षा सहसा स्वस्त पडतो. दुसरा चालक असेल तर त्याचे नाव करारात लिहून घ्यावे. नाव नसलेल्याने गाडी चालविली आणि काही घडले, तर विम्याचा आधार जातो.

गाडी ताब्यात घेताना चहूबाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, चाकांच्या कडा पाहाव्यात, प्रत्येक ओरखडा फॉर्मवर चढवून घ्यावा. पोते न उघडता माल उतरवून घेणारा व्यापारी मागाहून तक्रार करू शकत नाही. चार माणसांच्या चार मोठ्या पेट्या मागील कप्प्यात मावतात की नाही, हेही तेथेच पाहावे.

प्रत्यक्ष रस्त्यावर

रात्रभराच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी गाडी हाती घेऊ नये. एडिंबरोत विमानतळापासून शहरात ट्राम जाते. पहिली रात्र विश्रांती घ्यावी व गाडी दुसऱ्या सकाळी घ्यावी. आम्ही तसेच केले.

स्वयंचलित गाडीच्या दांड्यावर चार मुख्य खुणा असतात : “पी” उभी करण्यासाठी, “आर” मागे जाण्यासाठी, “एन” तटस्थ आणि “डी” पुढे जाण्यासाठी. ब्रेकवर पाय ठेवल्यावाचून गाडी सुरू होत नाही. “डी”मध्ये ब्रेक सोडताच बहुतेक गाड्या आपोआप हळूहळू पुढे सरकतात, हे नवख्याने ध्यानी ठेवावे. डावा पाय सवयीने क्लच शोधू लागतो आणि त्याच्या तावडीत सापडतो तो ब्रेक. म्हणून पहिली वीस मिनिटे वाहनतळातच फिरून पायास नवे वळण लावावे. लांब उतारावर केवळ ब्रेकवर विसंबू नये. दांड्याने वा स्टिअरिंगमागील पट्ट्यांनी खालचा गिअर धरता येतो, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

वस्तीत गतीची मर्यादा सामान्यतः ताशी 30 मैल, म्हणजे सुमारे 48 किलोमीटर, आणि काही ठिकाणी 20 मैल असते. दुभाजक नसलेल्या खुल्या रस्त्यावर 60 मैल, मोटरवेवर 70 मैल. डनब्लेन ते इन्व्हर्नेस या ए-9 रस्त्यावर 2014 पासून सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. एका कॅमेऱ्यापुढे वेग कमी करून पुढे पळविणारा तेथे सापडतोच. दंडाची नोटीस गाडीच्या कंपनीकडे जाते, आणि कंपनी आपल्या कार्डावर स्वतःचे शुल्क निराळे चढविते. वर्तुळाकार चौकात उजवीकडून येणाऱ्यास आधी वाट द्यावयाची. तेथे हॉर्न वाजवून घुसण्याची आपली रीत उपयोगी पडत नाही.

स्काय बेटावर 1995 साली झालेल्या पुलावरून जाता येते. त्यावरील पथकर 2004 मध्ये रद्द झाला. ब्रॉडफर्डहून एल्गोलकडे जाणारा रस्ता एका गाडीपुरता रुंद असून मध्ये मध्ये बाजू देण्याच्या जागा ठेवलेल्या आहेत. नियम असा की, ती जागा आपल्या डावीकडे असेल तर तीत शिरावे, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबावे. चढ चढून येणाऱ्यास शक्य तेव्हा वाट द्यावी. आणि त्या जागेत गाडी उभी करून छायाचित्रे काढीत बसू नये. तेथे एका वळणावर आमच्यासमोर मालमोटार आली. मागील जागा शंभर पावले दूर, एका बाजूस दगडी बांध, दुसऱ्या बाजूस ओला खळगा. बंधूंनी खाली उतरून हाताने खूण केली, मी “आर” टाकून ब्रेकच्या जोरावर गाडी इंच इंच मागे घेतली. क्लच सांभाळण्याची चिंता नसल्याने दोन्ही डोळे आरशांवर ठेवता आले. चोर्ला घाटात वर्षानुवर्षे मोटार चालविलेला माणूस मी; पण त्या शंभर पावलांत जास्तीच्या भाड्याची पै न् पै वसूल झाली. मालमोटारवाल्याने हात उंचावून आभार मानले. त्या रस्त्यांवर ही रीत सर्वजण पाळतात, आणि आपणही पाळावी.

घरच्या मंडळींसाठी

स्वतःच्या मोटारीचा मोठा लाभ भोजनात आहे. शिधा बरोबर ठेवता येतो व वाटेत हवे तेथे थांबता येते. मात्र भारतातून ब्रिटनमध्ये दूध व दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. दुधाची मिठाई घरीच ठेवावी, खाकरे, चटण्या व भाजणी न्यावी. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा ज्यांचा नियम आहे त्यांना मेअखेर व जून हे दिवस उत्तम, कारण तेथे सूर्य रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात मात्र दुपारी चारच्या आतच अंधारू लागते.

परतीच्या दिवशी करारात लिहिल्याप्रमाणे टाकी भरून द्यावी. ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या नळीची मूठ सामान्यतः हिरवी व डिझेलची काळी असते. आपल्या गाडीस काय लागते ते झाकणावर वाचूनच नळी हाती घ्यावी. गाडी दिल्यावर पुन्हा छायाचित्रे काढावीत, लेखी पावती घ्यावी, आणि अनामत कार्डावर मोकळी होईपर्यंत ती जपून ठेवावी. खाते मिटल्यावाचून वही बंद करू नये, हे आपणांस कोणी निराळे शिकवावयास नको.